ट्यूब कुठे फुटावी?

इमारतीतल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवण्याचे काम आटोपले, की निघालेल्या मालाची वाटणी आपोआप होते. चोकमध्ये तांबे आणि लोखंड असते, म्हणून भंगारवाला तो तोलून नेतो. पत्र्याची पट्टीही जाते. ट्यूब मात्र मागे राहते. टोकांची ॲल्युमिनियमची टोपणे सोडली तर तिच्यात विकण्याजोगे काही नसते. पाव किलोच्या आसपास काच, थोडी पांढरी भुकटी आणि डोळ्यांना न दिसणारा पारा. मग जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीमागे किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत ट्यूबांचा भारा उभा राहतो आणि एक दिवस जागा अडते म्हणून कोणीतरी त्यांचे तुकडे करून पोत्यात भरतो. पोते घंटागाडीत जाते आणि विल्हेवाट लागली असे सगळ्यांना वाटते. माझे म्हणणे असे, की ट्यूब कधी ना कधी फुटणार हे ठरलेलेच आहे. तिच्यातला पारा परत मिळवायचा म्हटले तरी ती उघडावीच लागते. महत्त्वाचे ते एवढेच, की ती कुठे फुटते आणि त्या क्षणी तिच्याभोवतीची हवा कोणाच्या ताब्यात असते. बंद यंत्रापर्यंत ती अखंड पोचली तर तिचा उपद्रव नगण्य. त्याआधी वाटेत फुटली, तर पुढचे सगळे उपाय केवळ निभावून नेण्याचे.

हे पटण्यासाठी ट्यूबच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागते. नळीच्या दोन्ही टोकांना टंगस्टनच्या वेटोळ्या तारा असतात आणि त्यांवर बेरियम, स्ट्रॉन्शियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. तारा तापल्या की लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि नळीभर धावताना पाऱ्याच्या वाफेतल्या अणूंवर आदळतात. धक्का बसलेला अणू पूर्वपदावर येताना मुख्यतः 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण सोडतो. तो आपल्याला दिसत नाही. काचेच्या आतल्या बाजूला लावलेली पांढरी भुकटी तो शोषते आणि त्या बदल्यात दिसणारा प्रकाश देते. म्हणजे ट्यूबचा उजेड भुकटीचा, पण तिला जागे ठेवणारा पारा. ट्यूबची टोके काळी पडतात आणि ती ‘जाते’, तेव्हा सहसा संपलेला असतो तो तारांवरचा लेप. पारा जिथल्या तिथेच असतो, फक्त त्याचे रूप बदललेले असते. नव्या ट्यूबमध्ये तो धातूच्या रूपात असतो. हजारो तास जळल्यावर त्यातला बराचसा भुकटीत मुरतो, काचेच्या आतल्या पृष्ठभागात शिरतो, टोकांच्या धातूला चिकटतो. चालू ट्यूबमध्येसुद्धा कोणत्याही क्षणी वाफेच्या रूपात असलेला पारा एकूण पाऱ्याचा लहानसा अंशच असतो. उत्पादक सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त पारा का घालत, याचे उत्तरही यातच आहे: भुकटी आणि काच हळूहळू तो गिळत राहतात, आणि वाफ कमी पडली तर ट्यूब गुलाबीसर, मंद पेटू लागते.

‘ट्यूब फोडली, आतली वाफ उडून गेली, आता उरली ती निव्वळ काच’ हा समज इथेच कोसळतो. फुटल्याबरोबर जी वाफ निसटते ती अल्प असते. खरा साठा भुकटीत असतो, आणि ती भुकटी पुढे कित्येक दिवस पारा सोडत राहते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या पर्यावरण खात्यातील संशोधकांनी 2003 मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. कमी पाऱ्याच्या ट्यूब फोडून त्यांच्यातून निघणारा पारा त्यांनी दोन आठवडे मोजला. एवढ्या काळात एकूण पाऱ्यापैकी 17 ते 40 टक्के हवेत गेला, आणि जो गेला त्यातला एक तृतीयांश पहिल्या आठ तासांत गेला. तापमान जितके जास्त तितका पारा अधिक सुटला. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या फुटक्या ट्यूबांच्या पोत्याचा विचार करताना हे शेवटचे वाक्य विसरून चालत नाही.

आता हिशेब करू. अलीकडच्या चांगल्या ट्यूबमध्ये पाच मिलिग्रॅमच्या आसपास पारा असतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते. पहिल्या आठ तासांत सुटणारा पारा वरच्या प्रमाणाने साधारण 0.3 ते 0.7 मिलिग्रॅम येतो. खोली गच्च बंद ठेवली तर घनमीटरमागे 8 ते 20 मायक्रोग्रॅम. कामाच्या ठिकाणच्या हवेत पाऱ्याच्या वाफेची मर्यादा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम ठरवली होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने ती 25 ठरवली आहे. म्हणजे घरात एक ट्यूब फुटली आणि खिडक्या उघडल्या, तर घाबरून जाण्यासारखे काही घडत नाही. हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे, कारण या विषयावरचे निम्मे लेखन भीती घालण्यात खर्ची पडते आणि एकदा भीती खोटी ठरली की वाचक खऱ्या धोक्याकडेही पाठ फिरवतो.

पण तोच हिशेब दुसऱ्या जागी मांडून पाहा. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच शेडमध्ये एखादा कामगार टोपणांतल्या ॲल्युमिनियमसाठी किंवा नुसती जागा मोकळी करण्यासाठी दिवसभरात दोनशे ट्यूब फोडतो. शेडमध्ये 400 घनमीटर हवा आहे. सुटणारा पारा दोनशे पटीने वाढला, हवा जेमतेम बारा पटीने. वारा खेळता नसेल तर प्रमाण घनमीटरमागे 140 ते 330 मायक्रोग्रॅमपर्यंत चढते. आपल्याच कारखाना कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या तिप्पट ते साडेसहापट. शिवाय हा दोन आठवडे चालणाऱ्या उत्सर्जनाचा पहिला दिवस आहे. उद्या आणखी दोनशे फुटतील आणि कालची भुकटी जमिनीवरच असेल. जुन्या, जाड ट्यूबांमध्ये पारा पाच मिलिग्रॅमच्या कितीतरी पट असे. थेंब टाकून पारा भरण्याची पद्धत असलेल्या कारखान्यांत तर नेमके मोजमाप ठेवणेच अवघड होते. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने 2011 मध्ये भारतीय बाजारातल्या सीएफएल दिव्यांची तपासणी केली, तेव्हा सरासरी पारा वीस मिलिग्रॅमच्या वर निघाला. शेडमध्ये फुटणारी ट्यूब पाच मिलिग्रॅमचीच असेल, हे गृहीत धरणे म्हणूनच उदारपणाचे आहे.

या हिशेबावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पूर्वी घरोघरी तापमापी होती, तिच्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पारा असे, ती फुटल्यावर मुले पाऱ्याचे मणी तळहातावर खेळवत, आणि कोणाला काही झाले नाही. यातली निरीक्षणे खरी आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. धातुरूप पारा गिळला तर आतड्यांतून त्याचा एक टक्क्याच्याही शतांशाहून कमी भाग शरीरात शोषला जातो. त्वचेतूनही फारसा जात नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा मात्र सुमारे 80 टक्के भाग फुप्फुसांत शोषला जातो, रक्तात मिसळतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. एका मण्याला पृष्ठभाग थोडा असतो, म्हणून त्याची वाफ सावकाश होते. तोच पारा बारीक भुकटीच्या कणाकणांवर पसरला की पृष्ठभाग अफाट वाढतो, आणि ती भुकटी स्वतःही उडून नाकात जाते. त्याशिवाय ‘कोणाला काही झाले नाही’ हे कळले कसे? पाऱ्याच्या वाफेचे दीर्घकालीन परिणाम म्हणजे हाताला कंप, चिडचिड, विसराळूपणा, झोप न लागणे, मूत्रपिंडांना इजा. कचरा वेचणाऱ्या बाईचा हात पन्नाशीत थरथरू लागला तर त्याचे कारण पाऱ्यात शोधायला कोण जाते? दुखणे वयावर किंवा कष्टांवर ढकलले जाते आणि नोंद कुठेच होत नाही.

ट्यूबच्या इतिहासात या न झालेल्या नोंदीचे एक कडवट उदाहरण आहे. 1940 च्या दशकात ट्यूबच्या भुकटीत बेरिलियमची संयुगे वापरत. मॅसॅच्युसेट्समधील सेलम इथल्या दिव्यांच्या कारखान्यातील तरुण कामगार फुप्फुसांच्या विचित्र आजाराने खंगू लागले. आधी तो दुसराच काही आजार समजला गेला. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी 1946 मध्ये त्याचा संबंध बेरिलियमशी जोडून दाखवला आणि 1949 मध्ये अमेरिकी उत्पादकांनी ट्यूबमधून बेरिलियम काढून टाकले. आजच्या ट्यूबांत ते नाही, तेव्हा त्याची भीती नको. पण आतल्या भुकटीचे खरे स्वरूप सगळ्यांत शेवटी कळते ते ती हाताळणाऱ्यांना, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कराटेच्या प्रात्यक्षिकांत किंवा मिरवणुकीतल्या कसरतींत पाठीवर, छातीवर ट्यूब फोडून घेणाऱ्या पोरांना टाळ्या पडतात तेव्हा पांढरा धुरळा उडतो, तो याच भुकटीचा. काचेने रक्त आले की प्रेक्षक हळहळतात. धुरळ्याकडे कोणी पाहत नाही.

दुसरा आक्षेप कोळशाचा. औष्णिक वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशात पारा असतो आणि तो धुरांड्यातून बाहेर पडतो. त्यापुढे ट्यूबांचा पारा किती, असे विचारले जाते. वातावरणाच्या एकंदर हिशेबात हे म्हणणे बरोबर आहे, आणि जुन्या पिवळ्या बल्बऐवजी ट्यूब वापरून जी वीज वाचली तिने कोळशाचा पाराही वाचवला, हेही बरोबर आहे. पण चंद्रपूरच्या उंच धुरांड्यातला पारा शेकडो किलोमीटरच्या हवेत पातळ होतो, तर पोत्यातला पारा वेचणाऱ्याच्या नाकापासून हातभर अंतरावर सुटतो. दोन्ही आकडे एकाच तराजूत टाकले की दुसऱ्याचे नुकसान अदृश्य होते. आणि मोठे नुकसान होत आहे म्हणून लहान होऊ द्यावे, हा तर्क आपण दुसरीकडे कुठे मान्य करत नाही.

आता सगळ्यांत भक्कम आक्षेप, आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. अखंड ट्यूब वाहून नेणे म्हणजे हवा वाहून नेणे, असे तो म्हणतो. जुन्या जाड्या चार फुटी ट्यूबचा व्यास 38 मिलिमीटर; अशा हजार ट्यूबांचे नुसत्या नळ्यांचेच आकारमान साडेतेराशे लिटरच्या वर जाते, वेष्टनाची जागा वेगळी. त्यांचा चुरा केला तर तो दोनशे लिटरच्या एका पिंपात मावतो. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावरून टेम्पोने नेलेल्या ट्यूबांपैकी काही फुटणारच. मग त्या निघतानाच व्यवस्थित चुरून का नेऊ नयेत? याच विचारातून पिंपावर बसवायचे चुरा-यंत्र निघाले. पिंपाच्या झाकणावर मोटार आणि फिरणारी पाती किंवा साखळ्या. बाजूच्या नळकांड्यातून ट्यूब आत सरकवली की क्षणात तिचा चुरा. आतली हवा पंख्याने सतत ओढली जाते, ती आधी धूळ अडवणाऱ्या गाळणीतून आणि मग गंधक मुरवलेल्या सक्रिय कोळशातून जाते. गंधक आणि पारा यांचे चांगले जुळते. दोघे मिळून जे सल्फाइड होते ते आपल्या परिचयाचे हिंगूळ, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कागदावर यंत्राची रचना निर्दोष आहे.

प्रत्यक्षात काय होते हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी चार यंत्रे तपासली आणि 2006 मध्ये अहवाल दिला. एक यंत्र पाऱ्याची पातळी मर्यादेत राखू न शकल्याने चाचणीतून लवकरच बाद झाले. उरलेल्या यंत्रांतूनही, ती नियमाप्रमाणे चालवली जात असताना, थोडा पारा बाहेर येतच होता. ट्यूब आत सरकवताना झडप उघडी राहते तेव्हा तो येई. पिंप भरल्यावर झाकण काढून नवे पिंप लावताना पातळी एकदम उसळे. सांधा नीट बसला नाही, रबर झिजले, गाळणी वेळेवर बदलली नाही, की गळती वाढे. बंद यंत्राचा बंदपणा शेवटी ते जोडणाऱ्या आणि चालवणाऱ्या माणसाच्या शिस्तीवर टिकून असतो, हेच त्या अहवालातून दिसते. ज्या देशात कामाच्या जागेची हवा मोजणारे निरीक्षक नेमलेले आहेत तिथे ही अवस्था, तर सोसायटीच्या तळघरात भाड्याने आणलेल्या यंत्रावर रोजंदारीचा मुलगा, तोंडाला रुमाल बांधून, काय सांभाळणार? रुमालाने काच-भुकटीचे मोठे कण अडतात. वाफ अडत नाही. साधा वैद्यकीय मास्कही तिला अडवत नाही. त्यासाठी पाऱ्याकरताच बनवलेल्या कोळशाच्या डबीचा मुखवटा लागतो.

यंत्राबद्दल माझे दुमत नाही. त्याच्या जागेबद्दल आहे. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची स्वतंत्र खोली, वाफ मोजणारे उपकरण, वेळेवर बदलणाऱ्या गाळण्या आणि शिकवलेला माणूस एवढे असेल तर चुरा करणे रास्त आहे. दूरच्या जिल्ह्यातून हजारो ट्यूब आणायच्या असतील तर कदाचित तेच शहाणपणाचेही ठरेल. पण यातले एकही नसताना घेतलेले यंत्र म्हणजे फोडण्याचा वेग वाढवणारा हातोडा. आणखी एक तोटा फारसा बोलला जात नाही. ट्यूबच्या वजनातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग काच असते आणि ती बऱ्यापैकी स्वच्छ असते. घाण असते ती तिच्या आतल्या लेपात. सरळ, अखंड ट्यूब कारखान्यात आली तर दोन्ही टोके कापून हवेच्या झोताने भुकटी एका बाजूने बाहेर काढता येते, आणि काच, टोपणे, भुकटी तिन्ही वेगळी हाती येतात. आधीच सगळे एका पिंपात चुरले, की थोड्याशा भुकटीने सगळी काच माखते आणि मग ती चाळून, धुऊन किंवा तापवून साफ करावी लागते. जागा वाचवायला जाऊन दूषित मालाचे वजन आपणच कित्येक पटींनी वाढवलेले असते.

पुढचे काम त्यामानाने सोपे आहे, कारण ते भौतिकशास्त्राच्या स्वाधीन आहे. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो. भुकटी कमी दाबाच्या बंद भट्टीत तापवली की पारा वाफ होऊन निघतो आणि थंड नळीत पुन्हा थेंबरूपाने जमतो. स्वीडनमधल्या कार्ल्सक्रोना इथे यासाठीची यंत्रे 1979 पासून तयार होतात. पारा गेल्यावर उरलेल्या भुकटीत, ट्यूब चांगल्या प्रतीची असेल तर, इट्रियम, युरोपियम, टर्बियम ही दुर्मीळ मूलद्रव्ये असतात. ती मिळवण्यासाठी सोल्वे कंपनीने 2012 मध्ये फ्रान्समध्ये खास प्रकल्प सुरू केला. तेव्हा चीनच्या निर्यातबंधनांमुळे त्यांचे भाव गगनाला भिडले होते. भाव उतरले आणि 2016 मध्ये प्रकल्प बंद झाला. ट्यूबच्या कचऱ्यात पैसा आहे, तो स्वतःच्या पायावर उभा राहील, असे कोणी सांगितले तर त्याला हे उदाहरण द्यावे.

कारण गाठ तिथेच आहे. आपल्याकडे भंगाराची व्यवस्था जगात कौतुक व्हावे इतकी चोख आहे. ती रद्दी, बाटल्या, तांबे, बॅटऱ्या घराघरांतून उचलते, आणि कोणा सरकारने ती उभी केलेली नाही. भावाने उभी केली आहे. ट्यूबला भाव नाही. उलट ती नीट संपवायला पैसे लागतात. पारा परत मिळाला तरी त्याला गिऱ्हाईक कमी होत चालले आहे, कारण जग त्याचा वापर थांबवत आहे. ज्या वस्तूची किंमत शून्याखाली आहे ती बाजार कधीच गोळा करणार नाही. तिथे कायद्याने कोणाच्या तरी खिशात हात घालावा लागतो. युरोपात उत्पादकांवर ती सक्ती झाली, नव्या दिव्याच्या किमतीत विल्हेवाटीचा खर्च मिळवला गेला आणि दुकानांत जुने दिवे टाकायची खोकी आली. आपल्याकडे 2016 च्या ई-कचरा नियमांनी पारायुक्त दिवे उत्पादकांच्या जबाबदारीत आणले. पुनर्चक्रणाचा कारखाना उपलब्ध नसेल तर दिवे संकलन केंद्रातून घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यावेत, आणि पुरण्याआधी त्यांतला पारा स्थिर करून आकारमान कमी करावे, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. म्हणजे चुरण्याला कायद्याने जागा दिली ती पारा जखडण्याच्या सोबत, आणि पुरण्याच्या दाराशी. महाराष्ट्रात अशी घातक कचऱ्याची केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ट्यूब आणि सीएफएल यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली आणि शहरात दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र उघडण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपवले. आपल्या प्रभागाचे केंद्र कुठे आहे, हे किती वाचकांना सांगता येईल? 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून आले; त्यांतही हे दिवे आहेत. पण त्या व्यवस्थेत उत्पादकाला मिळवावी लागणारी प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम किती परत मिळाले यांवर बेतलेली आहेत. ट्यूबमध्ये ॲल्युमिनियमची दोन टोपणे. मोजपट्टीच अशी, की ट्यूब गोळा करण्यात कोणाला रस वाटू नये.

मग ट्यूब जाते कुठे? सुक्या कचऱ्यातून वेचकांच्या हाती. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांनी 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी करून दारोदारचे संकलन हाती घेतले, त्यामुळे निदान त्या शहरात कचरा उघडणाऱ्या हातांना ओळख आणि संघटना मिळाली. बहुतेक गावांत तीही नाही. सुक्या कचऱ्याच्या पिशवीतली फुटकी ट्यूब या हातांना आधी कापते आणि मग भुकटी देते. तिथून निसटली तर दाबयंत्राच्या गाडीत तिचा चुरा होतो, आणि शेवटी क्षेपणभूमीवर. क्षेपणभूमीत पारा पडून राहत नाही. फ्लोरिडातल्या क्षेपणभूमींतून निघणाऱ्या वायूत संशोधकांना मिथिल गट जोडलेला पारा सापडला, त्याची नोंद 2001 मध्ये प्रसिद्ध झाली; ऑक्सिजन नसलेल्या थरांतले जीवाणू हे रूपांतर करतात. मिनामाताच्या उपसागरात मासे आणि माणसे ज्याने बाधली तो पाऱ्याचा प्रकार याच कुळातला. आणि क्षेपणभूमी पेटली, जशी देवनारची जानेवारी 2016 मध्ये पेटली, तर भुकटीत अडकलेला पारा भट्टीतल्यासारखाच सुटतो, फक्त तो पकडायला समोर थंड नळी नसते.

शेवटचा आक्षेप धीराचा आहे: एलईडी आली, ट्यूब इतिहासजमा होत आहे, थोडी कळ काढली तर प्रश्न आपोआप मिटेल. पाऱ्याच्या वापरावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार भारताने जून 2018 मध्ये मान्य केला आहे, आणि त्याच्या 2023 च्या जिनिव्हा बैठकीत ठरल्यानुसार सरळ ट्यूबांचे उत्पादन, आयात आणि निर्यात प्रकारानुसार 2026 आणि 2027 च्या अखेरीस थांबायची आहे. पण ही बंदी बनवण्यावर आहे. छतावर लटकलेल्या ट्यूबांना ती लागू नाही. शाळा, कचेऱ्या, रेल्वे स्थानके, गिरण्यांच्या शेड, मंगल कार्यालये, मंडपवाल्यांची गोदामे इथल्या ट्यूब आता एकेक करून नव्हे, तर इमारतीच्या इमारती एका आठवड्यात उतरतात. एक कोटी ट्यूब, प्रत्येकी पाच मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास किलो पारा. वस्तू बंद होते त्याच वेळी तिचा कचरा सर्वाधिक असतो, आणि तिचा उत्पादक हळूहळू दुसऱ्या धंद्यात शिरून जबाबदारीतून अंग काढून घेत असतो. कळ काढण्याची ही वेळ नाही.

एक मात्र अनुकूल आहे. घाऊक बदल होतो तेव्हा ट्यूब आधीच एका जागी, एका मालकाच्या हाती, अखंड आणि मोजलेल्या असतात. गोळा करण्याचे अर्धे काम झालेले असते. एलईडीची चार फुटी नळी ज्या खोक्यात येते त्यात 26 मिलिमीटर व्यासाची जुनी ट्यूब बसते. जाडी असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत उभी ठेवावी. टेपने चार-सहा ट्यूब घट्ट बांधू नयेत, त्या एकमेकींवर दाबून फुटतात. घरात एखादी फुटलीच तर पंखा आणि एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात, मुलांना घेऊन दहा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, मग तुकडे जाड कागदाने गोळा करावेत आणि भुकटी चिकटपट्टीने व ओल्या कागदाने टिपून सगळे झाकणाच्या बरणीत घालावे. केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर लावू नये. केरसुणी भुकटी उडवते आणि दुसऱ्या दिवशी तीच स्वयंपाकघरात फिरते.

सोसायटीचे चिटणीस, मुख्याध्यापक, कारखान्याचे देखभाल अधिकारी यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर एक विनंती. एलईडी बसवण्याचे कंत्राट देताना त्यात एक कलम घाला: काढलेल्या ट्यूब मोजून, अखंड स्थितीत, नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यात किंवा घातक कचरा केंद्रात पोचवल्याची पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. कंत्राटदार दर थोडा वाढवेल. तो द्या.